सात फटींची अस्सल जीप

अमरावती-अकोल्याकडं कुणी हौसेनं आपली 'मिलिटरीची जीप' दाखवली, तर बॉनेटवरचा पांढरा तारा, बाजूला बांधलेलं फावडं आणि मागं लटकवलेला पेट्रोलचा डबा बघून लगेच हरखून जाऊ नये. समोर उभं राहावं आणि जाळीच्या उभ्या फटी मोजाव्यात. नऊ भरल्या, तर गाडी दुसऱ्या महायुद्धातली असू शकते. सात भरल्या, तर ती युद्धानंतरची आहे आणि बॉनेटवरचा तारा आपल्याच गावच्या पेंटरनं स्टेन्सिल ठेवून मारलेला आहे.

वऱ्हाडात उरलेल्या जुन्या जीप बहुतेक सात फटींच्याच, म्हणजे महिंद्राच्या. पण जुनी जीप 'रिस्टोअर' करण्याची हौस वाढली, तसा सात फटींच्या गाडीला नऊ फटींचा मुखवटा चढवण्याचा उद्योगही वाढला. जाळी बदलायची, दिवे आत ढकलायचे, मागचा फाळका वेल्डिंगनं बंद करायचा, हिरवा रंग मारायचा, की झाली '४२ सालची विलीज'. अशी गाडी वरातीत भाव खाते, मिरवणुकीत पुढं राहते, विकायला काढली तर किंमतही चढते. या सगळ्या खटाटोपात एक खरी गाडी मात्र कायमची जाते. युद्धातल्या गाडीची नक्कल करताना, जी वऱ्हाडात राबली ती गाडी आपण मोडीत काढतो. या लेखाचं सांगणं एवढंच आहे. ते पटण्यासाठी आधी गाडीची ओळख करून घ्यावी लागेल.

नऊ फटी आल्या कुठून

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्यानं १३५ कंपन्यांना पत्र पाठवून एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी मागितली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. ही अट पाळून गाडी हजर केली ती पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या छोट्या कंपनीनं. तिचा आराखडा कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याचा. पण बॅन्टमचा कारखाना लहान. मोठी मागणी गेली विलीज-ओव्हरलँडकडे, कारण बार्नी रूस यांनी घडवलेलं त्यांचं 'गो डेव्हिल' इंजिन सगळ्यांत दमदार होतं : २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. एकट्या विलीजच्यानं पुरवठा होईना, म्हणून फोर्डलाही तीच गाडी बनवायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बाहेर काढल्या. विलीजची ती 'एमबी', फोर्डची 'जीपीडब्ल्यू'.

पहिल्या सुमारे २५ हजार विलीजना लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची स्वस्त, हलकी जाळी फोर्डची कल्पना; ती नंतर विलीजनंही उचलली. युद्धानंतर विलीजनं शेतकऱ्यासाठी 'सीजे' काढली. दिवे मोठे करून पुढं आणल्यावर जाळीत सातच फटी मावल्या आणि त्या सात कायमच्या झाल्या.

फटींच्या पुढं जाऊन खरं-खोटं ओळखायच्या खुणा या हौसेतल्या जाणत्यांना तोंडपाठ असतात. पुढच्या बंपरमागं वाकून पाहिलं, की चेसीचा आडवा दांडा दिसतो. विलीजचा तो गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या पन्हाळीसारखा. फोर्डला आपल्या मालावर भारी जीव. कंसापासून बोल्टच्या डोक्यापर्यंत तिनं 'एफ' हे अक्षर उमटवलं. अगदी पहिल्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव ठोकलेलं होतं. १९४२ मध्ये ते सैन्यानं बंद करायला लावलं. युद्धातल्या जीपचे दिवे लहान आणि जाळीच्या आत बसवलेले. एक फुलपाखरी नट सैल केला, की दिवा उलटा फिरून इंजिनवर उजेड पाडतो. रात्री दुरुस्तीची सोय. मागं फाळका नाही, सरळ बंद पत्रा. त्यावर जादा चाक आणि डबा. विजेची यंत्रणा ६ व्होल्टची.

याच सीजेच्या वंशातली महिंद्राची सीजे-३बी युद्धातल्या जीपहून वेगळी दिसते. बॉनेट उंच, कारण आतलं 'हरिकेन' इंजिन उंच. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. धारिता तीच २.२ लिटरच्या आसपास, शक्ती मात्र सत्तरीच्या पुढं. मागं उघडणारा फाळका, कारण ती माल वाहायला केलेली. तेव्हा उंच कपाळाची सीजे-३बी एमबी म्हणून खपवायची, तर बॉनेट, जाळी, मागचा पत्रा हे सगळं कापावं लागतं आणि एकदा कापलं की परत येत नाही.

जुन्या जीपचा पहिला वाद

नवा रंग मारलेल्या जुन्या जीपनं फसवण्याची गोष्ट आपल्याकडं स्वतंत्र भारताइतकीच जुनी आहे. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि सैन्याला तातडीनं जीप हव्या होत्या. तेव्हाचे लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून, वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या जीप घेण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार एका परदेशी कंपनीशी केला. भारतात १५५ जीप उतरल्या आणि त्या वापरण्याच्या लायकीच्या नाहीत असं आढळलं. संसदेत गदारोळ झाला, अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीनं चौकशी केली आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारनं प्रकरण मिटवल्याचं जाहीर केलं. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला संरक्षण-खरेदी घोटाळा हा असा 'रिस्टोअर' केलेल्या जीपचा होता.

पुढं हेच मेनन संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, १९५९ मध्ये, जबलपूरला जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर 'शक्तिमान' ट्रक बनू लागला. परदेशातून दुसऱ्याची जुनी गाडी आणण्यापेक्षा आपल्याकडं नवी घडवावी, हा धडा देश दहा वर्षांत शिकला होता.

जीपच्या बाबतीत तो धडा मुंबईनं आधीच गिरवला होता. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४९ मध्ये विलीजकडून सुट्या भागांत आलेल्या ७५ गाड्या माझगावात जोडल्या गेल्या. १९५४ पासून विलीजच्या सहकार्यानं इथं निर्मिती सुरू झाली आणि एकेक भाग देशी होत गेला. सात फटींची, उंच बॉनेटची ती सीजे-३बी अमेरिकेत १९६० च्या दशकात बंद झाली. आपल्याकडं तिचा वंश त्यानंतर कितीतरी वर्षं चालला. भारतीय सैन्यानंही महिंद्राच्या जीप हजारोंनी वापरल्या. म्हणून सात फटी दिसल्या की गाडी 'मिलिटरीची नाही' असंही समजू नये. ती भारतीय सैन्यातली असू शकते आणि आपल्याला त्याचाच जास्त अभिमान वाटायला हवा.

वऱ्हाडातली नोकरी

वऱ्हाडात जीप दोन वाटांनी आली. एक वाट लष्करी लिलावाची, 'डिस्पोजल'ची. दुसरी, आणि मोठी, सरकारी खात्यांची. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याच्या दारात जीप उभी राहिली. पुढं पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला त्या कामाला लागल्या. बीडीओची जीप, पाटबंधारेची जीप, मलेरियावाल्यांची जीप, निवडणुकीत पुढाऱ्याची जीप. पक्की सडक नसलेल्या गावात सरकार पहिल्यांदा पोहोचलं ते याच गाडीतून.

मेळघाटात तर तिच्यावाचून चालतच नव्हतं. २२ फेब्रुवारी १९७४ ला मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. परतवाडा सोडून चिखलदऱ्याचा घाट चढायचा, सेमाडोह-हरिसाल ओलांडून धारणीकडं जायचं, पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून काढायची, तर पुढच्या चाकांना जोर आणि लो गिअर हवाच. परतवाड्याला फौजेचं नवल नव्हतं. हैदराबाद कंटिन्जंटची एलिचपूरची छावणी इथंच होती. ती १८९३ मध्ये मोडली. छावणी मोटारींच्या जमान्याआधीच उठली. फौजेची चाकं परत आली ती खाकी वर्दीतल्या वनरक्षकांना घेऊन.

जंगलाखाली मैदान, आणि मैदानात काळी माती. पहिल्या पावसानंतर ती चाकाला अशी धरते की बैलगाडीही अडते. जीप त्यातून निघते, पण ओला चिखल बॉडीखालच्या आडव्या पट्ट्यांत जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत ओलावा धरून ठेवतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच खारं. त्या पाण्यानं गाडी धुतली, की गंज आणखी लवकर धरतो. म्हणून इथल्या जीपचा पत्रा बहुतेकदा खालून खाल्लेला असतो. बॉनेट आणि मडगार्ड त्या मानानं शाबूत. वरून ऊन. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढं जातो. अशा दुपारी पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं टाकून सावलीत बसायचं. हा उपाय इथल्या जुन्या ड्रायव्हरांना कुणी शिकवावा लागला नाही.

पण इथल्या जीपचं अस्सलपण खरं गेलं ते पेट्रोलच्या भावानं. १९७३ च्या तेलसंकटानंतर लिटरला सात-आठ किलोमीटर जाणारी पेट्रोल जीप पोसणं सरकारला जमलं, शेतकऱ्याला नाही. लिलावात घेतलेल्या जीपचं हरिकेन इंजिन काढायचं आणि डिझेल बसवायचं, हे गॅरेजचं नेहमीचं काम झालं. कधी मॅटाडोरचं इंजिन, कधी महिंद्राच्याच नंतरच्या गाडीतलं प्यूजोचं, कधी चक्क ट्रॅक्टरचं. इंजिनचे पाय कापून नवे वेल्ड करायचे, शाफ्टची लांबी खरादवर जुळवायची, रेडिएटर मोठा बसवायचा. डिझेलच्या धक्क्यानं चेसीला तडे जायचे. मग तिथं पट्टी मारायची. काढलेलं पेट्रोल इंजिन भंगारात किलोच्या भावानं जायचं. आज हौशी माणूस तेच इंजिन शोधत मुंबईच्या चोरबाजारापासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत हिंडतो.

वऱ्हाडात असा इंजिनबदल एकट्या जीपचाच झाला नाही. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर आणि अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर जोडणारी शकुंतला रेल्वे १९२१ साली मँचेस्टरला घडलेल्या वाफेच्या इंजिनावर सत्तर वर्षं धावली. १५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन उतरवून डिझेल लावलं. शकुंतला मात्र शकुंतलाच राहिली. कुणी तिला नक्कल म्हटलं नाही. कारण बदल उघड होता, त्याची तारीख लोकांना माहीत होती आणि गाडी तेच काम करत होती. जीपला हाच न्याय का लावू नये, या प्रश्नावर पुढं यायचंच आहे.

फौजेत 'मूळ' भाग असतो का?

जुन्या मोटारींच्या जगात 'मॅचिंग नंबर'ला फार मान. चेसी, इंजिन आणि बॉडी कारखान्यातून एकत्र निघाली तशीच एकत्र असावीत, असा तो दंडक. राजेरजवाड्यांच्या मोटारींना तो शोभतो. फौजेच्या गाडीला लावला, की अडचण होते.

विलीज आणि फोर्ड या दोघांनाही एकच आराखडा देण्यामागं हेतू हा होता, की आघाडीवर एकाचा भाग दुसऱ्याला बसावा. सुरुंगावर गेलेल्या फोर्डचं इंजिन दुपारपर्यंत विलीजमध्ये बसलेलं असायचं. मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्या ओळीनं उघडायच्या, भाग वेगवेगळ्या ढिगांत टाकायचे, तपासायचे आणि हाती येतील त्या चांगल्या भागांतून पुन्हा गाड्या जोडायच्या. कोणतं इंजिन मुळात कोणत्या चेसीवर होतं, याची फिकीर कुणालाच नसे. आपल्या ईएमईच्या, म्हणजे १९४३ मध्ये स्थापन झालेल्या वीज आणि यांत्रिक अभियंता दलाच्या, बेस वर्कशॉपचं तत्त्वही हेच : गाडी चालली पाहिजे. त्यामुळे फौजेतून खरोखर सेवा करून आलेली जीप ही बहुधा सरमिसळच असते. चेसी एकाची, बॉडी दुसऱ्याची, इंजिन तिसऱ्याचं, आणि रंगाचे थर चार.

आता हौशी मालक काय करतो? फोर्डची चेसी मिळाली, की तो 'एफ' ठोकलेला प्रत्येक बोल्ट शोधत बसतो. दहा वर्षं खपून शंभर टक्के फोर्ड गाडी उभी करतो. मेहनत मोठी, कौतुक करावं अशीच. पण तयार झालेली गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्या पहिल्या दिवसाची आहे. युद्धातल्या एकाही दिवसाची नाही. युद्धात ती अशी कधीच नव्हती. वर्कशॉपनं बसवलेलं विलीजचं इंजिन हाच तिच्या नोकरीचा पुरावा होता आणि तो आपण 'चुकीचा भाग' म्हणून काढून टाकला.

रंगाचंही तसंच. जुन्या पत्र्यावर एकदम सँडब्लास्ट मारला, की चार तासांत पत्रा चांदीसारखा चकाकतो आणि पन्नास वर्षांचा इतिहास धुळीत जातो. तोच पत्रा एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपरनं पाणी घालत हळूहळू घासला, तर एकाखाली एक थर उघडे पडतात : वर लग्नसराईचा लाल, त्याखाली सरकारी खात्याचा पांढरा किंवा निळा, त्याखाली फौजेचा गडद हिरवा. कधी त्या हिरव्यावर जुन्या क्रमांकाची पुसट अक्षरं लागतात. भारतीय लष्कराच्या क्रमांकात आधी वर तोंड केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, अक्षर, अनुक्रम आणि शेवटी पुन्हा अक्षर असतं. बाण ही ब्रिटिश युद्धखात्याची जुनी खूण. असा एक क्रमांक सापडला, तर गाडी कोणत्या साली फौजेत दाखल झाली हे कळतं. कागदपत्रं हरवलेल्या गाडीचा तोच जन्मदाखला.

माल कोणता घ्यावा

जुन्या जीपचे सुटे भाग बाजारात चार प्रकारचे मिळतात आणि गॅरेजमध्ये त्यांना सरळ नावं आहेत. पहिला 'जुना स्टॉक' : त्या काळी बनलेला, कधीच न वापरलेला, ग्रीस आणि मेणकागदात गुंडाळलेला. दुर्मीळ आणि महाग. पण त्यातही रबरी वस्तू घेऊ नयेत. पन्नास वर्षांत रबर कडक होतं आणि ब्रेकचा जुना रबरी कप जीव घेऊ शकतो. दुसरा 'काढलेला माल' : दुसऱ्या गाडीतून उतरवलेला. गिअर, हाउसिंग, स्टीअरिंग बॉक्स यांसाठी हाच उत्तम, कारण त्या काळचं पोलाद आणि घडाई आज सहज मिळत नाही. खरादवर घेतला, बुश बदलले, की आणखी एक पिढी चालतो. तिसरा 'लोकल' : आज बनणारा नवा भाग. चौथा 'डुप्लिकेट' : लोकलच, पण त्यावर जुन्या कंपनीचं नाव ठोकलेलं.

तिसऱ्यात आणि चौथ्यात फरक लोखंडाचा नाही, हेतूचा आहे. नवा पत्रा नवा म्हणून बसवला, तर त्यात गैर काही नाही. फिलिपिन्समध्ये एमडी जुआन ही कंपनी युद्धकाळातल्या जीपची अख्खी बॉडी नव्यानं बनवते आणि जगभर विकते. आपल्याकडं हरियाणातलं मंडी डबवाली जीप जोडून देण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण बाजारात डेटा प्लेटही नव्या मिळतात : गाडीचा अनुक्रमांक आणि सैन्याला दिल्याची तारीख असलेल्या त्या पितळी किंवा जस्ताच्या पट्ट्या, कोऱ्या. हवा तो आकडा ठोका. नवी बॉडी, नवी चेसी, नवी पट्टी आणि कुठून तरी मिळवलेलं जुनं आरसी बुक यांतून एक 'महायुद्धातली' जीप उभी राहते, जिचा एकही भाग युद्धात नव्हता. कायद्याच्या भाषेत चेसीचा आकडा बदलणं हा तर सरळ गुन्हा.

जबलपूरच्या गाड्यांचं भाग्य यापेक्षा थोडं बरं. 'निसान पॅट्रोल'च्या परवान्यावर तिथं बनलेली जोंगा १९९९ पर्यंत निघत होती आणि शक्तिमान १९९६ पर्यंत. अमरावतीहून जबलपूर एका दिवसाच्या रस्त्यावर आहे. त्यामुळे लिलावातल्या जोंगा विदर्भात येणं सोपं होतं. जोंगाचं सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन जीपहूनही तहानलेलं. म्हणून तिचंही डिझेलीकरण झालं. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीनं जोंगा घेतल्याच्या बातम्या आल्या आणि भंगारवाल्यांनाही एकदम तिची आठवण झाली. शक्तिमानला मात्र असा कुणी धनी भेटला नाही. ट्रक ठेवायला वाडा लागतो. म्हणूनच पुढच्या पिढीला बघायला सगळ्यांत आधी तोच मिळणार नाही. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून फौजेची चिलखती वाहनं जपून आहे. फौजेला रसद पोहोचवणाऱ्या साध्या ट्रकला तसं घर राज्यात असल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याची अस्सलपणाची व्याख्या

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांचं नवं प्रकरण घातलं. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी आणि चारचाकी प्रवासी वाहनं त्यात येतात. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात राखलेलं असावं आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. राज्यानं नेमलेली समिती गाडी पाहून निर्णय देते. नोंदणी दहा वर्षांची, शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. नवी नोंद झाली तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलं होतं, की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. मान्यता किरकोळ बदलांनाच. जीपची लांबी वाढवणं, चेसी कापणं, मनासारखी बॉडी चढवणं या सगळ्यावर त्या निकालाची छाया आहे.

नियम चांगलाच आहे. पण वऱ्हाडातल्या जीपवर ठेवून पाहिला, की दोन ठिकाणी अपुरा पडतो. एक म्हणजे त्याच्या व्याख्येत शक्तिमानसारखा ट्रक बसतच नाही. दुसरं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची महिंद्रा जीप वयात बसते, पण शेतकऱ्यानं १९८० च्या सुमारास आरसीवर रीतसर नोंद करून बसवलेलं डिझेल इंजिन तिला बाद करू शकतं. त्याउलट, परवाच्या वर्षी मुंबईहून आणलेलं हरिकेन इंजिन टाकलं, की ती 'मूळ' ठरण्याची शक्यता वाढते. चाळीस वर्षं खरी राबलेली गाडी नापास आणि कालची जोडणी पास, असा हा उलटा न्याय होईल. समित्यांनी कागद बघून, बदल कधी आणि का झाला याची चौकशी करून निर्णय दिला, तर तो टळेल. शकुंतलेचा दाखला इथंच लागू पडतो.

तिसरा धोका अधिक मोठा आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती अधिकृत केंद्रात मोडीत काढायची असतात. लष्कराच्या आणि पोलिसांच्या चिलखती व विशेष वाहनांना सूट आहे. पंचायत समितीच्या जीपला नाही. धूर सोडणारी जुनी खटारी रस्त्यावरून गेली पाहिजेत, यात दुमत नाही. पण कार्यालयांच्या मागं बाभळीखाली उभ्या असलेल्या ज्या थोड्या जीप विदर्भात उरल्या असतील, त्या कुणी न पाहताच पत्र्याच्या गठ्ठ्यात जातील.

मग करावं काय

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, 'फिवा'नं, या हौसेसाठी ट्युरिन सनद तयार केली आणि ती २०१३ पासून लागू आहे. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये केलेल्या व्हेनिस सनदेचं तत्त्व तिनं मोटारींना लावलं. सार साधं आहे : आधी जपा, मग डागडुजी करा, जीर्णोद्धार शेवटी. जिथं अंदाज सुरू होतो तिथं थांबा. नवा भाग बसवला तर तो नवा आहे हे ओळखू येऊ द्या आणि सगळं लिहून ठेवा.

वऱ्हाडातल्या गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर असं. गाडी उघडण्याआधी चारही बाजूंनी, खालून, आतून फोटो काढा. चेसीचा आणि इंजिनचा आकडा रंगाखाली असेल तर हातानं खरवडा. त्यावर ग्राइंडर कधीही लावू नका. रंगाच्या थरांची एक खिडकी कुठंतरी आतल्या बाजूला तशीच ठेवा. कुजलेला पत्रा कापायचाच तर तेवढाच कापा. अख्खी बॉडी बदलू नका. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी लावून पेटीत ठेवा. ब्रेक, टायर, वायरिंग, सीट बेल्ट, इंडिकेटर यांत मात्र हट्ट नको. युद्धकाळातल्या जीपचे ब्रेकड्रम अवघे नऊ इंची. अमरावती-अकोला रस्ता २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रमात गेला; त्या रस्त्यावर आज जी वाहतूक धावते तिच्यात नऊ इंची ड्रमवर भरवसा ठेवणं हा शहाणपणा नाही. बदल असा करा की उद्या कुणाला वाटलं तर भोकं न पाडता परत काढता येईल. आणि डिझेल इंजिन जुनं असेल, नोंदलेलं असेल, तर त्याची लाज बाळगू नका.

सगळ्यांत मोठी गोष्ट : सीजे-३बी असेल तर ती सीजे-३बीच ठेवा. फाळका ठेवा, उंच बॉनेट ठेवा, सात फटी ठेवा. नऊ फटींच्या जीप जगात अजून हजारो आहेत; अमेरिकेत आणि युरोपात त्यांची काळजी घेणारी मंडळं आहेत, पुस्तकं आहेत, नवे-जुने भाग आहेत. माझगाव-कांदिवलीत घडलेली, दर्यापूरच्या चिखलात राबलेली, मेळघाट चढलेली जीप जगात फक्त आपल्याकडं आहे. ती आपण राखली नाही, तर दुसरं कुणी राखणार नाही.

म्हणून दोन विनंत्या. अमरावती आणि अकोला जिल्हा परिषदांनी आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पानं, मोडीत काढायच्या यादीवर सही करण्याआधी, आपापली एक जुनी जीप नोंदणी रद्द करून प्रदर्शनासाठी राखता येते का ते विचारावं, तिच्या लॉगबुकसकट. आणि वाचकहो, तुमच्या गोठ्यात, वाड्यात, आंब्याखाली अशी एखादी गाडी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिचं आरसी बुक शोधा, चेसीचा आकडा वहीत उतरवून घ्या आणि ती कुणी चालवली, कुठं चालवली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. सुटा भाग आज ना उद्या बाजारात मिळतो. ती माणसं गेली, की ही माहिती मात्र कुठल्याच बाजारात मिळणार नाही.